लॉकडाऊनमध्ये राहून गेलेली डोळ्यांची ऑपरेशने

आपल्या घरांत मोतीबिंदूचे ऑपरेशन हे घाईचे काम समजले जात नाही. ‘पावसाळा जाऊ दे’, ‘रमजान होऊ दे’, ‘नातीचा निकाह आटोपला की बघू’ असे म्हणत वडीलधारी मंडळी ते पुढे ढकलत राहतात. उन्हाळ्यात ऑपरेशन केले तर डोळ्यात पू होतो, ही जुनी समजूतही अजून पुरती गेलेली नाही. दिसायचे कमी झाले तरी दादीजान अंदाजाने स्वयंपाकघरात वावरतात, अब्बा टीव्हीच्या जवळ खुर्ची ओढून घेतात आणि दिवस निघत जातात.

२०२० च्या मार्चमध्ये मात्र हा निर्णय घरच्यांच्या हातात राहिला नाही. २० मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयांना सूचना दिली की तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्यात. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागू झाला. रेल्वे थांबली, एसटी थांबली, तालुक्याच्या गावाला जाणारी वडापची जीपही थांबली. ज्यांना एप्रिलची तारीख मिळाली होती त्यांना दवाखान्यातून फोन आला, ‘सध्या येऊ नका, आम्ही कळवू.’ कधी कळवणार, हे त्या दवाखान्यालाही ठाऊक नव्हते.

कोरोनाबद्दल आपण पुष्कळ वाचले आहे. पण ज्यांना कोरोना झालाच नाही आणि तरीही ज्यांचे त्या काळात नुकसान झाले, अशा रुग्णांची गोष्ट कमी सांगितली गेली. डोळ्यांच्या रुग्णांकडे पाहिले की ती नीट समजते.

वीतभर अंतरावरची तपासणी

कोरोनाच्या इतिहासात डोळ्यांच्या एका डॉक्टराचे नाव अगदी सुरुवातीला येते. चीनमधील वुहान सेंट्रल हॉस्पिटलचे डॉ. ली वेनलियांग हे नेत्रतज्ज्ञ होते. ३० डिसेंबर २०१९ रोजी त्यांनी आपल्या डॉक्टर मित्रांना एका नव्या आजाराबद्दल सावध केले. अफवा पसरवल्याचा ठपका ठेवून पोलिसांनी त्यांना समज दिली. पुढे त्यांनाच लागण झाली. कसलीही लक्षणे नसलेल्या काचबिंदूच्या एका रुग्णाकडून ती झाली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. ७ फेब्रुवारी २०२० रोजी वयाच्या ३३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

डोळ्यांच्या डॉक्टराला हा धोका का, हे ज्याने तपासणी करून घेतली आहे त्याला सहज कळेल. ‘स्लिट लॅम्प’ नावाच्या यंत्राच्या पट्टीवर आपण हनुवटी टेकवतो आणि पलीकडून डॉक्टर पाहतात. दोघांच्या चेहऱ्यांत जेमतेम वीतभर अंतर असते. एकाचा श्वास दुसऱ्याला लागतो. पापणी उचलायची म्हणजे चेहऱ्याला हात लावणे आले. पुन्हा डोळ्यांच्या ओपीडीत येणारे निम्मे-अधिक लोक वयस्क, त्यातले कितीतरी मधुमेह आणि रक्तदाब असलेले. म्हणजे कोरोनाचा धोका ज्यांना सर्वांत जास्त, तीच माणसे एका बाकावर खेटून बसलेली असायची.

कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि दंतवैद्य यांची अडचण तर याहून मोठी होती. त्यांचे कामच नाकातोंडात. दातांच्या ड्रिलने पाण्याचे बारीक तुषार उडतात आणि त्यांबरोबर लाळ हवेत जाते. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत दाढदुखीवर गोळ्या देऊन वेळ मारून न्यावी लागली.

किती काम थांबले?

एप्रिल २०२० मध्ये भारतातील नेत्रतज्ज्ञांची एक पाहणी झाली. उत्तर देणाऱ्या १,२६० डॉक्टरांपैकी ७२.५ टक्के डॉक्टरांनी सांगितले की लॉकडाऊनमुळे ते एकही रुग्ण पाहत नाहीत. उरलेल्यांपैकी बहुतेक जण फक्त तातडीचे रुग्ण पाहत होते.

साऱ्या जगातच हे घडत होते. शल्यचिकित्सकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने मे २०२० मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात अंदाज मांडला की साथीच्या ऐन भराच्या १२ आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील. नंतर रुग्णालयांनी नेहमीपेक्षा २० टक्के जास्त काम केले, तरी हा अनुशेष भरून निघायला बहुतेक ठिकाणी ४५ आठवडे लागतील, असा त्यांचा हिशेब होता.

शस्त्रक्रिया थांबवण्यामागे नुसती भीती नव्हती. याच गटाने ‘लॅन्सेट’मध्ये २४ देशांतील १,१२८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ऑपरेशनच्या सुमारास कोरोना झालेले हे रुग्ण होते. त्यांपैकी २३.८ टक्के, म्हणजे चारांत जवळजवळ एक, ३० दिवसांच्या आत दगावले. यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया तातडीच्या आणि मोठ्या होत्या. मोतीबिंदूचे ऑपरेशन त्या मानाने फार लहान. ते थेंब टाकून किंवा डोळ्याभोवतीचा भाग बधिर करून होते. पण २०२० च्या वसंतात कोणालाच खात्री नव्हती. हाताशी पीपीई किट कमी होते, मास्क मोजून मिळत होते, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका कोरोना वॉर्डात लागत होत्या. मुंबईचे नायर रुग्णालय तर एप्रिलमध्ये केवळ कोरोनासाठीच राखून ठेवले गेले. गरिबांच्या शस्त्रक्रिया जिथे होतात त्या सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांवरच हा भार सर्वांत जास्त पडला.

जे थांबू शकत नव्हते

मोतीबिंदू काही महिने थांबू शकतो. डोळ्याचे सगळेच आजार तसे थांबत नाहीत.

काचबिंदू घ्या. यात डोळ्याच्या आतला दाब वाढून दृष्टीची नस हळूहळू सुकते. दुखत नाही, लाल होत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी थेंबांनी राखता येते. लॉकडाऊनमध्ये अनेकांचे थेंब संपले. गावच्या मेडिकलमध्ये ते मिळेनात, तालुक्याला जायला वाहन नाही. ‘डोळा तर दुखत नाही, राहू दे चार दिवस’ असे म्हणता म्हणता चार दिवसांचे चार महिने झाले.

मधुमेहामुळे पडद्याला सूज आलेल्या रुग्णांना ठरावीक अंतराने डोळ्यात इंजेक्शने घ्यावी लागतात. अनेकांना ती सुरुवातीला महिन्या-महिन्याला लागतात. दोन-तीन इंजेक्शने चुकली की सूज पुन्हा वाढते आणि नंतर इंजेक्शन दिले तरी पूर्वीइतके दिसेलच असे नसते. पडदा सुटला असेल तर आठवडाही फार होतो.

सर्वांत नाजूक प्रश्न होता अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा. ३४ आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळाच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. जन्मानंतर ३० दिवसांच्या आत त्याचे डोळे तपासावे लागतात. उपचार लागले तर ते एक-दोन दिवसांतच करावे लागतात. ही वेळ टळली तर बाळ कायमचे अंध होऊ शकते. लॉकडाऊन असो वा दंगल, हा महिना थांबत नाही. म्हणूनच नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने तातडीच्या कामांची जी यादी केली, तिच्यात डोळ्याला मार लागणे, बुबुळावरची जखम, अचानक वाढलेला दाब आणि सुटलेला पडदा यांच्या बरोबरीने या बाळांनाही स्थान दिले. लहान मुलाची बाहुली पांढरी चमकणे हे डोळ्याच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. त्यात तर मुलाचा जीवच पणाला लागलेला असतो.

आणखी एक गोष्ट फारशी चर्चेत आली नाही. नेत्रपेढ्यांनी मृत व्यक्तींचे डोळे घेणे काही काळ थांबवले, कारण मृताला कोरोना होता की नाही हे सहा तासांच्या आत ठरवणे अवघड होते. कॉर्निया बदलण्याची वाट पाहणाऱ्यांची रांग जिथल्या तिथे थांबली.

रमजान आणि डोळ्यांचे थेंब

त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस रमजान सुरू झाला. दवाखाने बंद, डॉक्टरांशी बोलणे नाही. अशा वेळी रोज्यात थेंब टाकावेत की नाही, हा नेहमीचा प्रश्न अनेक घरांत पुन्हा उभा राहिला आणि काहींनी तो थेंब बंद करूनच सोडवला. या ठिकाणी एवढे नोंदवणे गरजेचे आहे की जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ च्या ठरावात डोळ्यांतील थेंबांनी रोजा तुटत नाही, असे म्हटले आहे. ज्यांच्या मनात तरीही शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे आणि डॉक्टरांकडून सहरी-इफ्तारच्या वेळा जुळवून घ्याव्यात. अनेक थेंब दिवसातून एकदा किंवा दोनदाच टाकायचे असतात, त्यामुळे वेळ सहज जमते. काचबिंदूचा थेंब परस्पर बंद करणे मात्र नजरेवर बेतू शकते.

फोनवरची ओपीडी

२५ मार्च २०२० रोजीच, म्हणजे लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची नियमावली जाहीर केली. तोपर्यंत फोनवरून औषध लिहून देणे कायद्याच्या दृष्टीने धूसर होते. आता ते नियमांत बसले. पहिल्यांदाच भेटणाऱ्या रुग्णाला कोणती औषधे लिहावीत, जुन्या रुग्णाला कोणती, कोणती मुळीच लिहू नयेत, हे ठरले. एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी ओपीडी’ ही सरकारी सेवा सुरू झाली. त्या पाहणीत तीन चतुर्थांशाहून अधिक नेत्रतज्ज्ञांनी फोन किंवा व्हिडिओवरून सल्ला द्यायला सुरुवात केल्याचे सांगितले.

याचा फायदा झाला. डोळे येणे, रांजणवाडी, खाज, मोबाइलमुळे कोरडे पडलेले डोळे यांवर फोटो पाहून उपाय सांगता आला. नातवाने मोबाइल धरायचा, सुनेने टॉर्च मारायची आणि डॉक्टरांनी पलीकडून ‘जरा वर बघा अम्मी’ म्हणायचे, असे दृश्य घरोघरी दिसले. ऑपरेशन झालेल्यांची विचारपूसही फोनवर झाली.

पण फोनवरून डोळ्याचा दाब मोजता येत नाही, पडदा दिसत नाही. म्हणजे न दुखता नजर खाणारे जे दोन आजार, काचबिंदू आणि मधुमेहाचा पडद्यावरील परिणाम, नेमके तेच फोनच्या ओपीडीतून निसटतात. शिवाय ज्या घरात एकच स्मार्टफोन आणि तोही मुलांच्या ऑनलाइन शाळेत अडकलेला, तिथे आजीच्या डोळ्यांचा नंबर शेवटी लागला.

नव्या रीतीचा दवाखाना

जून २०२० पासून दवाखाने हळूहळू उघडले, पण पूर्वीसारखे नाहीत. दारावर ताप तपासणारी गन आली. एका रुग्णाबरोबर एकच नातेवाईक, हा नियम आला. आपल्याकडे आजीला दाखवायला चौघे जातात, त्यांना तो जड गेला. बाक रिकामे ठेवून बसणे आले, वेळ ठरवून येणे आले. स्लिट लॅम्पवर डॉक्टर आणि रुग्णाच्या मध्ये प्लास्टिकची ढाल बसली. हवेचा झोत सोडून दाब मोजणारे यंत्र अनेकांनी बाजूला ठेवले, कारण त्या झोताने अश्रूंचे तुषार उडतात. तपासताना बोलू नका, असे रुग्णांना सांगितले जाऊ लागले.

ऑपरेशनच्या आधी कोरोना चाचणी करणे बहुतेक ठिकाणी रूढ झाले. एरवी एका दिवशी वीस-पंचवीस मोतीबिंदू करणाऱ्या डॉक्टरांना निम्म्यावर यावे लागले. मोतीबिंदूचे ऑपरेशन सूक्ष्मदर्शकातून होते. त्यात मास्क, चश्मा आणि फेस शील्ड चढवले की श्वासाची वाफ साचून काचा धूसर होतात. तरी तसेच काम करणे भाग होते.

कोरोना होऊन गेलेल्यांचे नियोजित ऑपरेशन कधी करावे, याचेही उत्तर नंतर मिळाले. ११६ देशांतील १,४०,२३१ रुग्णांच्या अभ्यासातून मार्च २०२१ मध्ये दिसले की लागण झाल्यापासून किमान सात आठवडे थांबल्यास धोका पूर्ववत होतो, आणि लक्षणे शिल्लक असतील तर आणखी थांबणे बरे. इतक्या देशांतील डॉक्टरांनी एकत्र येऊन वर्षभरात असे उत्तर शोधणे, ही साथीच्या काळातील एक चांगली गोष्ट म्हटली पाहिजे.

दुसरी लाट आणि काळी बुरशी

सारे रुळावर येत आहे असे वाटत असतानाच एप्रिल-मे २०२१ ची दुसरी लाट आली. आणि तिच्या मागोमाग म्युकरमायकोसिस. लोक त्याला ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. खरे तर बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते आणि मेलेले मांस काळे पडते.

नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याच्या खोबणीत आणि पुढे मेंदूकडे असा तिचा प्रवास. गालावर सूज, एका बाजूला दुखणे, नाकातून काळपट स्राव, दात हलणे, एकाचे दोन दिसणे, पापणी खाली येणे ही तिची लक्षणे. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंद करण्याजोगा जाहीर करायला सांगितले. वर्षअखेरपर्यंत देशात पन्नास हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्र आणि गुजरात यांत सर्वांत पुढे होते.

देशातील २,८२६ रुग्णांच्या माहितीवर नेत्रतज्ज्ञांनी केलेला अभ्यास डोळ्यांत अंजन घालणारा आहे. यातील ७८ टक्के रुग्णांना मधुमेह होता आणि ८७ टक्क्यांना स्टिरॉइड दिले गेले होते. स्टिरॉइडने गंभीर कोरोना रुग्णांचे जीव वाचवले, हे खरे. पण ते साखर वाढवते आणि प्रतिकारशक्ती दाबते. साखर मोजल्याशिवाय, गरजेपेक्षा जास्त दिवस किंवा शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून घरीच घेतलेले स्टिरॉइड अनेकांना महागात पडले.

उपचार सोपा नव्हता. ‘अँफोटेरिसिन बी’ या औषधासाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. मे महिन्यात वर्ध्यातील एका कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले आणि राज्य सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार मोफत देण्याचे ठरवले. पण नुसते औषध पुरत नाही. मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावाच लागतो. त्यासाठी कान-नाक-घसा, डोळे, जबडा, मेंदू आणि भूल यांचे तज्ज्ञ एकाच टेबलाभोवती उभे राहिले. वर्षभर ज्यांची ऑपरेशने थांबली होती, तेच शल्यचिकित्सक आता रात्रंदिवस ऑपरेशन करत होते. बुरशी मेंदूकडे जाऊ नये म्हणून काही वेळा डोळा काढावा लागला. नजर वाचवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या डॉक्टराला जीव वाचवण्यासाठी डोळा काढण्याची संमती घरच्यांकडे मागावी लागत होती.

दवाखान्याच्या काउंटरमागे

तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने डोळ्यांचा दवाखाना चालवणारे डॉक्टर आपण सगळे ओळखतो. यंत्रसामग्री कर्जावर घेतलेली, इमारतीचा हप्ता, चार-पाच कर्मचाऱ्यांचे पगार आणि ओपीडी शून्य. चाचणी, किट, निर्जंतुकीकरण यांचा खर्च वाढला, त्याचा काही भाग रुग्णाच्या बिलात उतरला. धर्मादाय रुग्णालये खेड्यांत शिबिरे भरवून रुग्णांना बसने आणत आणि मोफत ऑपरेशन करून परत सोडत. शिबिर म्हणजे गर्दी, म्हणून शिबिरे बंद. ज्याच्याकडे पैसा नाही त्याचा रस्ताच त्यामुळे बंद झाला.

शिकणाऱ्या डॉक्टरांचे नुकसान वेगळेच. नेत्रचिकित्सेचे पदव्युत्तर विद्यार्थी महिनोन्महिने कोरोना वॉर्डात होते. हाताला शस्त्रक्रियेची सवय लागण्याचे नेमके ते दिवस. १८ एप्रिल २०२१ ला ठरलेली नीट-पीजी परीक्षा पुढे जाऊन ११ सप्टेंबरला झाली. नवी तुकडी वेळेवर आली नाही आणि आहेत त्यांच्यावरच ओझे वाढले.

साचलेले काम

देशात ५० वर्षांवरील लोकांतील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू आहे. २०१५-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत त्याचा वाटा ६६.२ टक्के आढळला. साथीपूर्वी देशात वर्षाला साठ लाखांहून अधिक मोतीबिंदूची ऑपरेशने होत. २०२०-२१ मध्ये हा आकडा चाळीस लाखांच्याही खाली आला. हे साचलेले काम उपसण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये ‘राष्ट्रीय नेत्रज्योती अभियान’ सुरू केले आणि २०२२-२३ साठी ७५ लाख ऑपरेशनांचे लक्ष्य ठेवले.

पण दोन वर्षे उशिरा आलेला मोतीबिंदू हा तोच मोतीबिंदू नसतो. तो पिकून दगडासारखा कडक झालेला असतो. ऑपरेशनला वेळ लागतो, बुबुळाला इजा होण्याची शक्यता वाढते. काही वेळा तो फुगून डोळ्याचा दाब वाढवतो आणि असह्य वेदनांनी रुग्ण येतो. तोवर नस गेली असेल तर ऑपरेशन उत्तम होऊनही दिसत नाही. मधल्या काळात कमी दिसल्यामुळे पडून मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धांचा हिशेब तर कोणत्याच तक्त्यात नाही.

घरासाठी चार गोष्टी

साथ पुन्हा येईल की नाही, हे अल्लाहच जाणे. पण पूर, संप, कर्फ्यू, घरातले मोठे आजारपण अशी दवाखाना तुटण्याची कारणे येतच राहतात. म्हणून काही गोष्टी घरात पक्क्या असाव्यात.

एक, काचबिंदू, मधुमेह, रक्तदाब यांची महिन्याभराची औषधे नेहमी जास्तीची घरात ठेवावीत आणि चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असावा.

दोन, काय थांबू शकते आणि काय नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. अचानक कमी दिसणे, डोळ्यासमोर पडदा आल्यासारखे वाटणे, विजा चमकल्यासारखे दिसणे, उलटीसह डोळा दुखणे, मार लागणे, डोळ्यात चुना किंवा रसायन जाणे, मुलाची बाहुली पांढरी दिसणे यांत एक दिवसही थांबू नये. चुना गेला तर आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि मग दवाखाना गाठावा.

तीन, ज्यांना मधुमेह आहे त्यांनी दिसत असो वा नसो, वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. आणि स्टिरॉइडची गोळी असो वा थेंब, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

चार, मोतीबिंदूचे ऑपरेशन ‘पिकल्यावर’ करायचे, हे आता जुने झाले. आजच्या पद्धतीत ऋतूचाही प्रश्न नाही. कामात अडथळा येऊ लागला की करून घ्यावे. ऑपरेशननंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नसते आणि वाकायचे नसते. तेव्हा वजू आणि सजदा कसा करावा, हे आधीच डॉक्टरांना आणि आलिमांना विचारून ठेवावे. आजारी माणसाला बसून, इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत आहे. नमाज चुकेल या काळजीने ऑपरेशन लांबवण्याचे कारण उरत नाही.

लॉकडाऊनच्या काळात ऑपरेशन पुढे ढकलणे सक्तीचे होते. आज ती सक्ती नाही, दवाखाने उघडे आहेत. आपल्या घरात कोणी अजून ‘बघू नंतर’ म्हणत असेल, तर या महिन्यातच त्यांचा हात धरून त्यांना तपासणीला घेऊन जावे.